सरकारी पदर

...नाही नाही, बस, बस, उठू नको. जागा आहे की दोघांना. हा एकच पंखा वारा देतो, बाकीचे नुसता आवाज करतात. तुलाही लशीची सुई टोचल्यावर अर्धा घंटा बसायला सांगितलं ना? मलाही. मी म्हटलं, सिस्टर, मला काय होतंय, मी केळीच्या बागेत सापावर पाय दिलेला माणूस. तर म्हणे, दादा, साप वेगळा, सुई वेगळी, बसा गुपचूप. बसलो. तू काय बोलत नाही? गरगरतं का? मग बोलू नको, डोळे मिटू नको, समोरच्या भिंतीकडे बघत राहा. मी बोलतो. मला गुपचूप बसायला सांगणं म्हणजे बैलाला शिवणकाम सांगणं. पोरगा मला इथं सोडून गेला, मोहित, पेट्रोल टाकून येतो म्हणाला. एवढ्या वेळात तर माणसानं पंप विकत घेतला असता.

बरं झालं, तुझ्याही तोंडाला मास्क नाही. ते बघ, कोपऱ्यातले मास्तर अजून लावून बसलेत, वर आणखी रुमाल. बसू दे. सरकारनं आता सक्ती काढली, ज्याला लावायचा त्यानं लावावा. मी तर कधी लावलाच नाही, सक्ती होती तेव्हाही नाही. लीलाधर शाहपूरवाला, कुणालाही विचार. इच्छापूरला, आपल्या मध्य प्रदेशच्या हद्दीच्या नाक्यावर, पोलिसानं अडवलं मला. पलीकडे महाराष्ट्रात केळीचा भाव काढायला गेलो होतो, परत येत होतो. कालचं पोरगं, मिसरूड फुटलेलं नाही, म्हणे, काका, मास्क कहां है? मी म्हटलं, बेटा, मास्क चोर लावतात, मी बागाईतदार आहे. लावला असता रुमाल तर काय बिघडलं असतं? पण नाही. तर त्यानं मला कान धरून बैठका काढायला लावल्या. भर रस्त्यात! ट्रकवाले खाली उतरून बघून राहिले, एकानं तर मोजायला सुरुवात केली मोठ्यानं. गुडघे कराकरा वाजले माझे, पण मास्क लावला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथूनच गेलो, तसाच, उघड्या तोंडानं. फक्त पहाटे गेलो, तो पोरगा ड्युटीवर यायच्या आधी.

हसून राहिली का? हस, हस. चांगलं हसते तू. उगाच तोंड दाबून हसत नाही आमच्या घरातल्यासारखं. बघ, गरगरणं गेलं की नाही?

पण आता पुढची गंमत ऐक. हाच मी, कान धरलेला लीलाधर, परवा नगर परिषदेत गेलो अर्ज घेऊन. कशाचा? सांग बरं. अगं, मास्कची सक्ती चालू ठेवा म्हणून! आपला शिक्का मारून, निदान शाहपूरपुरती. तिथं यादव बाबू बसतो, त्यानं वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. म्हणे, दादा, तुम्ही? तुम्हाला तर नाक्यावर... मी म्हटलं, ते सोड, तू शिक्का मार. म्हणे, दादा, वरून ऑर्डर आली की लोकांना मोकळं सोडा, मी कोण लागून गेलो? आणि मग आतल्या सगळ्यांना बोलावून बोलावून वाचून दाखवला. चहा पाजला मला, ते एक बरं केलं.

का म्हणजे? तसंच कारण आहे. नाही तर मला काय हौस आहे? तू बघून राहिली म्हणून सांगतो, कुणाला सांगू नको — आणि सांगितलं तरी काय, सगळ्या शाहपूरला माहीत आहे. माझ्या सुनेपायी.

आमच्या घरात, बेटा, सून सासऱ्यासमोर तोंड उघडं ठेवत नाही. पदर इथवर, हनुवटीच्या खाली. आणि सासऱ्याशी बोलणं नाही. काही सांगायचं असलं तर सासूला सांगते, सासू आम्हाला सांगते. माझ्या आजीनं केलं, आईनं केलं, माझ्या गोदानं केलं, म्हणजे माझ्या घरवालीनं. वडील असेपर्यंत गोदाचा पदर वर गेला नाही. मी नवरा, पण मलाही दिवसाउजेडी तिचं तोंड कुठं दिसत होतं? रात्री कंदील, तोही आई लवकर विझवायला लावायची, घासलेट जळतं म्हणून. एकदा राजघाटावर घेऊन गेलो होतो तिला, ताप्तीला, पर्वणी होती. बाया सगळ्या एका बाजूला, ओल्या, पदर ओढलेल्या, लुगडी सारख्याच रंगाची. मी आपला आवाज दिला, चल गं, बैलगाडी निघाली. उठली एक, आली मागेमागे. गाडीत बसली. अर्ध्या रस्त्यात बघतो तर ती रडून राहिली — दुसऱ्याच गावची! नवी नवरी होती बिचारी, तिला वाटलं आपलाच नवरा बोलावून राहिला, तिनं तरी त्याचं तोंड कुठं धड पाहिलं होतं. तिच्या भावानं मला जे काही म्हटलं ते इथं दवाखान्यात सांगण्यासारखं नाही. आणि गोदा घाटावर तशीच बसलेली, वाट बघत. वर मलाच म्हणते, मला वाटलं तुम्ही दुसरी केली.

हां, पण ते जुनं. माझी सून, वैजयंती, काही तशी नाही. ती कागद कारखान्याच्या कॉलनीतली, तिथं सगळे महाराष्ट्रातून आलेले नोकरीवाले, क्वार्टरमध्ये राहणारे. तिचे वडील काशिनाथराव मशीनवर होते. त्यांच्या पोरी सायकलीवर शाळेत गेल्या, नाटकात उभ्या राहिल्या, त्यांना पदर म्हणजे काय तर पिन लावून खांद्यावर टाकायची वस्तू. लग्न करोनाचं. बघायला मी गेलो नाही, नाके बंद होते. फोनवर दाखवली, पण फोन बायांच्या हातात, मी मधे कशाला तोंड घालू. लग्नाला मोजकी माणसं, मी सोडून सगळ्यांना मास्क, नवरीलाही मोत्यांची झालर लावलेला मास्क. घरी आली. गोदा म्हणाली, बाई, आमच्याकडे पदर घेतात. तर ती म्हणाली — मला गोदानं सांगितलं हे — आई, तोंडावरचा पदर मला सावरत नाही, चुलीत जाईल, पण मास्क तर आता लावायचाच आहे, तोच लावते. डोक्यावर पदर अन् तोंडाला मास्क. चालेल का?

चालेल का म्हणजे? मी तर हरखलो! मी म्हटलं, हे बघ सरकारी पदर! बिनखर्चाचा! पोरीचा मान राहिला, घराची रीत राहिली, वर पोलीसही खूश. दोन वरसं, बेटा, माझ्या घरात भांड्याला भांडं लागलं नाही. लोकांच्या घरात करोनानं दुःख आणलं, माझ्या घरात शांती आली. असं म्हणू नये. पण आली.

करोना आमच्याकडेही आला म्हणा. मलाच झाला. मी कुणाला सांगितलं नाही, बागेतल्या झोपडीत जाऊन पडलो, म्हटलं सर्दी आहे. सुनेला समजलं. मोहित बाहेरगावी अडकलेला, गोदाला गुडघ्यानं चालवत नाही. ही यायची बांधावरून, तोंडाला दोन-दोन मास्क, हातात काढा. माझं बोट धरून ते चिमट्यासारखं यंत्र लावायची, आकडा बघायची, फोनवर डॉक्टरला सांगायची. मला एक शब्द बोलली नाही, रीत होती ना. मी तापात बरळून राहिलो, पाणी, पाणी म्हणून, तर कपाळावर फडकं. रात्रभर झोपडीच्या बाहेर बसून राहायची खाटेवर. मला खोकल्याच्या मधेमधे तिच्या बांगड्या ऐकू यायच्या, म्हणजे जागी आहे. ते मी नाकारत नाही. कुणापुढेही सांगीन. ती नसती तर मी आज या पंख्याखाली नसतो.

असू दे. पाणी आहे का गं तुझ्याकडे? हां, दे. तहान लागली. बोलून, दुसरं काही नाही.

तर मग बिघडलं कुठं? शाळेत. शाळा उघडल्या. ही शिकलेली, गोदाच्या तोंडून म्हणाली मी शिकवायला जाते, आमच्याच शाहपुरात. मी म्हटलं जा, मी काय जुन्या डोक्याचा थोडाच आहे. गेली. आता लहान पोरं, पहिली-दुसरीची, त्यांना मास्कमधून अक्षर समजत नाही. 'प' म्हटलं का 'ब' म्हटलं, ओठ दिसले पाहिजेत. हिनं मास्क काढला. वर्गात काढला, मग मैदानात काढला, मग रस्त्यात. सक्ती गेलेलीच होती. आणि एक दिवस आमचा दगाभाऊ, केळीचे ट्रक भरतो तो, मला पारावर भेटतो आणि सगळ्यांसमोर म्हणतो, लीलाधरदादा, तुमची सून काय छान शिकवते, आणि चेहरा किती हसरा, माझी नात म्हणते मॅडमसारखं हसून दाखव. हसरा! मी म्हटलं, हो का. मग सोसायटीचा सेक्रेटरी तेच म्हणतो. मग किराणावाला. दूधवाला म्हणतो, गालावर खळी आहे. खळी, बेटा! दूधवाल्याला माहीत! सगळ्या शाहपूरनं माझ्या सुनेचं तोंड पाहिलं, एक मी सोडून!

हळू बोलतो, हळू बोलतो. सिस्टर बघून राहिली.

मी घरी गेलो आणि ओसरीतून मोठ्यानं बोललो, भिंतीला बोलतो तसं, की शाळेत काय करायचं ते करा, या फाटकाच्या आत मास्क पाहिजे. झालं. ती आतून आली. दोन वरसात पहिल्यांदा माझ्याशी सरळ बोलली. मास्क लावूनच होती तेव्हा, खोटं कशाला सांगू. म्हणाली, "बाबा, करोना गेला आता." एवढंच. आवाज काही चढवला नाही. मी म्हटलं, करोना गेला असेल, मी अजून आहे. आता हे काही फार शहाणपणाचं बोलणं नव्हतं, पण तोंडातून गेलं. आणि वर म्हटलं, ज्याला जमत नाही त्यानं माहेरी राहावं. हेही गेलं. संध्याकाळी ती बॅग भरून निघाली. मोहित सोडायला गेला. मी ओसरीतच होतो, पेपर वाचत. पेपर उलटा होता म्हणे. गोदा म्हणते, मला नाही माहीत.

आणि गोदाचं तर ऐकूच नको. ही माझी लग्नाची बायको, आता नातवंडं खेळवायच्या वयात. सून गेली त्या दिवशी तिनं काय केलं माहीत आहे का? कपाटातून मास्क काढला आणि लावला. घरात. माझ्यासमोर! मी म्हटलं हे काय? म्हणे, बाईचं तोंड इतकं वाईट आहे तर माझं तरी कशाला बघता? त्या दिवसापासून चहा आणते, मास्क. ताट वाढते, मास्क. जेवायला बसते ती माझ्याकडे पाठ करून. शेजारीण आली की काढते, दोघी खी खी हसतात, मी आत गेलो की पुन्हा वर. मी म्हटलं, गोदे, दम लागेल तुला. म्हणे, सवय आहे. सवय आहे म्हणे!

सकाळी उठलो की, बेटा, घरात तोंडच नाही दिसत कुणाचं. मोहितचं दिसतं, पण ते एरंडेल प्यायल्यासारखं. गोदाचे पुढचे दात गेलेत, हसली की अशी पोकळी दिसते — मी चिडवायचो तिला त्यावरून. आता ती पोकळी दिसायची मी वाट बघून राहिलो. काय वेळ आली बघ. तुझ्यासमोर बोलून राहिलो हे असलं, तू परकी म्हणून. परक्या माणसाला बोलता येतं.

तुझं लग्न झालेलं दिसतं, मंगळसूत्र आहे. सासरे आहेत? हां, मान हलवते म्हणजे आहेत. तोंड झाकते का त्यांच्यासमोर? झाकत होती? आता नाही? बरं केलं. अगदी बरं केलं! इतकं चांगलं तोंड, सोज्वळ, ते काय झाकून ठेवायला दिलं देवानं? तुझा सासरा काही म्हणाला तर मला सांग, मी येऊन समजावतो त्याला. म्हाताऱ्या माणसांना कधीकधी दुसऱ्या म्हाताऱ्यानंच सांगावं लागतं. नाही, आमचं वेगळं. तुमचं शहरातलं असेल, आमच्याकडे चार लोक बोलतात. काय बोलतात? तेच ते. ते तर आता म्हणून राहिले की सून चांगली आहे. हो, ते खरं. चार लोक तिच्याच बाजूनं आहेत. मग अडलं कुणाचं? असं बघू नको माझ्याकडे. मला माहीत आहे कुणाचं अडलं.

आज निघालोच आहोत तिच्याकडे. इथून सरळ कॉलनीत, काशिनाथरावांच्या क्वार्टरवर. मोहितनं काल संध्याकाळीच सांगून टाकलं, बाबा, उद्या एक काय ते ठरवा. ती पदर-मास्क काही लावणार नाही. न्यायची असेल तर तशीच न्यायची, नाही तर मी तिथंच क्वार्टरजवळ खोली घेतो. माझा एकुलता एक पोरगा, बेटा. खोली घेतो म्हणतो, आणि चूल तिकडेच. मी रात्रभर भाषण तयार केलं, काय बोलायचं त्याचं. म्हणजे असं की, घराण्याची रीत असते, मोठ्यांचा मान असतो, आम्ही तुम्हाला नोकरी करू दिली, तुम्ही आमचं एवढं ऐका, निदान सणासुदीला, निदान पाहुणे आले म्हणजे... कसं वाटतं? सांग ना. नाही वाटत बरोबर? मलाही 'निदान'च्या पुढे जमत नव्हतं.

आणि खरी भीती तर वेगळीच आहे. हसू नको हां. समज, दार उघडलं. समोर उभी राहिली, उघड्या तोंडानं. तिला एक बहीण आहे, पल्लवी, पाठोपाठची, सारख्याच अंगाच्या दोघी. आता मी ओळखू कुणाला? ज्या पोरीनं माझं बोट धरून मला जगवलं, तिच्या दारात उभा राहून मी विचारू का, बाई, तुमच्यातली आमची कोणती? काशिनाथराव काय म्हणतील? जमीनच फाटली पाहिजे. मी तिला कधी पाहिलंच नाही गं. दोन वरसं एका छपराखाली, आणि मी मान खाली घालून तिच्या पायांकडे बघून चहा घेतला. मान म्हणून. हा असला मान! कुणाचा झाला मान? तिचा झाला का माझा झाला? — डोळ्यात काय गेलं तुझ्या? पंख्याची धूळ आहे, पूस. पूस, लाजू नको.

तुला खरं सांगू? तुझ्यासारखी असती तर भांडणच झालं नसतं. तू कशी ऐकून घेते. माझी सून असं बसून माझं ऐकेल का? नाही ऐकायची. कशी ऐकेल, मी तिच्याशी कधी बोललोच नाही.

हा बघ, आला आमचा साहेब. मोहित! इकडे, पंख्याखाली! काय रे, पेट्रोल आणायला गेला का खणायला? झाला माझा अर्धा घंटा केव्हाच, पण ही बेटी एकटी होती, गरगरत होतं तिला, म्हणून बसलो सोबत. अरे, मला काय ते सांग, हिला काय विचारून राहिला? 'केव्हापासून बसली' म्हणजे? तू ओळखतो हिला? ओळख करून दे मग, चांगली पोरगी आहे, कोणत्या घरची...

कोण वैजू?

मोहित, चारचौघांत थट्टा करायची नाही. वैजयंती तिकडे क्वार्टरवर आहे, आपण तिकडेच चाललो ना... ही तर मघापासून इथं... मी हिला सगळं... गोदाचे दात सुद्धा...

उठू नको. अगं, वाकू नको, ही काय पाया पडायची जागा आहे, लोक बघून राहिले. बस. बस, बेटा. मास्तर, तुम्ही तिकडे भिंतीकडे बघा जरा.

मोहित, दात काढू नको. तूच बोलावलं होतंस इथं? तुझ्याशी मी नंतर बोलतो. गाडी काढ. आधी काशिनाथरावांकडे, हिची बॅग घ्यायची आहे, मग घरी. भाषण? कसलं भाषण? मी कधी भाषण केलंय? गोदेला फोन लाव, म्हणावं चहा टाक, आणि म्हणावं... राहू दे, मीच सांगीन तिला.

तू पर्समध्ये काय शोधून राहिली? मास्क? नाही. नको. घालू नको तो. आण इकडे. मला दे, मला. यात वरचं कुठलं, खालचं कुठलं? ही पट्टी नाकावर का? आणि दोऱ्या कानामागून. हां. आता मला शाहपूर येईपर्यंत कुणी काही विचारू नका.